मोकळा हात कोणता? एका हाताने चालणारं मल्टिटूल पारखताना

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट, बांधायला शिडीवर चढलं की दोन हात पुरत नाहीत. सुपारीचा घड चौकटीला टेकवून धरायचा, केवणीच्या सालीचा दोर दोन वेढे घालून आवळायचा, उरलेलं टोक कापायचं. घड जड, म्हणून तो उजव्या हाताकडे जातो. कापायचं काम डाव्याच्या वाट्याला येतं.

मी उजवा. दुकानात मल्टिटूल, म्हणजे पातं, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर अशी अवजारं एकात दुमडून ठेवलेलं खिशातलं हत्यार, घेताना उजव्या हाताने पातं खटकन उघडून बघितलं होतं, फार आवडलं होतं. शिडीवर ते डाव्या हाताने उघडलं, दोर कापला आणि बंद करताना तर्जनी पात्याच्या वाटेत राहिली. चार टाके पडले. हत्यारात दोष नव्हता. मी ते चुकीच्या हाताने पारखून घेतलं होतं, आणि उघडून बघितलं होतं, बंद करून नाही.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, पाण्याचे पंप, पाइप आणि तुषारसिंचनाची दुरुस्ती हे माझं रोजचं काम, त्यामुळे खिशात मल्टिटूल कायम असतं. पहिल्यांदा घेणारे माझ्याकडे विचारायला येतात तेव्हा मी त्यांना जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: आठवडाभर स्वतःचे हात बघा

दुकानात जायच्या आधी एक छोटी वही खिशात ठेवा. एखादं हत्यार हवं होतं असं वाटलं की तीन गोष्टी टिपा: एका हातात काय होतं, मोकळा हात कोणता होता, आणि हवं काय होतं, पातं, पक्कड की स्क्रू ड्रायव्हर.

माझ्या वहीतल्या नोंदी अशा होत्या. उजव्या हातात गळका पाइप दाबून धरलेला, डाव्या हाताने बांधणीची तार पिळायची होती. लाईट गेलेली, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताने पंपाच्या पेटीचा स्क्रू सोडवायचा होता. पावसात ताडपत्रीचं एक टोक मुठीत, दोरीची गाठ सुटेना. खताची गोणी मांडीवर आडवी, तोंडाची शिवण कापायची होती. बहुतेक वेळा पातं हवं होतं, त्याखालोखाल पक्कड. करवत महिन्यातून एकदा, आणि तेव्हा दोन्ही हात मोकळे होते.

तुमची यादी वेगळी निघेल. ऑफिसात बसणाऱ्याला पार्सल उघडायला पातं आणि कात्री पुरते. गळाने मासे धरायला होडीवर जाणाऱ्याला गळ काढायला लांब चोचीची पक्कड आधी लागते. ज्या दोन अवजारांची नावं वहीत सारखी येतात, ती एका हाताने निघाली पाहिजेत. बाकीची नखाने, दोन हातांनी निघाली तरी चालतं. वीस अवजारं एका हाताने उघडणाऱ्या वस्तूसाठी जास्तीचे पैसे मोजायच्या आधी ही वही पुन्हा वाचा.

दुसरी पायरी: ‘एका हाताने’ म्हणजे नक्की काय, हे विक्रेत्याकडून काढून घ्या

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

टिम लेदरमन या अमेरिकन माणसाला पक्कड असलेल्या खिशातल्या चाकूची कल्पना १९७५ साली युरोपात जुन्या फियाट गाडीने फिरताना सुचली. त्याचं पहिलं मल्टिटूल १९८३ साली बाजारात आलं. त्यात पातं मुठीच्या आत होतं. आधी पक्कड दोन हातांनी उघडायची, मग आतलं पातं नखाने ओढायचं. १९९८ साली आलेल्या ‘वेव्ह’मध्ये पाती मुठीच्या बाहेरच्या अंगाला आली आणि पात्याला अंगठ्यासाठी भोक मिळालं. पक्कड मिटलेली असतानाच पातं एका हाताने उघडू लागलं. पात्यातल्या भोकाची युक्ती मात्र त्याहून जुनी आहे, स्पायडर्को कंपनीने ती १९८१ साली आपल्या चाकूत आणली होती. स्विस लष्कराच्या २००८ च्या सैनिकी चाकूलाही असंच मोठं भोक आहे.

तर पहिला प्रकार म्हणजे फक्त पातं एका हाताने निघतं, पक्कड उघडायला दोन हात लागतात. लेदरमनची वेव्ह आणि स्केलेटूल ही मॉडेलं या प्रकारातली. दुसऱ्यात पक्कड एका हाताने निघते, बाकीला दोन्ही हात लागतात. गर्बर कंपनीच्या जुन्या मॉडेलांत मनगटाला झटका दिला की पकडीचं तोंड मुठीतून सरकत बाहेर येतं. तिसऱ्या प्रकारात सगळंच एका हाताने होतं. २०१९ साली आलेल्या लेदरमनच्या ‘फ्री’ मालिकेत मुठी लोहचुंबकाने मिटलेल्या राहतात, अंगठ्याने ढकललं की उघडतात, आणि आतली अवजारंही नखाशिवाय निघतात.

डब्यावर ‘वन हँड’ लिहिलेलं दिसलं की एकच प्रश्न विचारा: “काका, पक्कडसुद्धा एका हाताने निघते का? मला करून दाखवा.” करून दाखवताना काकांचा दुसरा हात पुढे आला की उत्तर मिळालं.

चुंबकवाल्या प्रकाराबद्दल एक सूचना. ग्राइंडरजवळ काम करत असाल तर लोखंडाचा कीस त्या चुंबकांना चिकटून बसतो. किनाऱ्यावरच्या वाळूत काळे कण असतात, त्यांतलेही काही चिकटतात. मग मुठी पूर्ण मिटत नाहीत. चिकटपट्टीचा तुकडा दाबून उचलला की कीस निघतो, पण हे काम नेमाने करावं लागतं. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दिवस घालवणाऱ्याला मी चुंबकवालं सुचवत नाही.

तिसरी पायरी: उघडून बघताना हात ओला करा

दुकानात एसी असतो, हात कोरडा असतो, नवीन पातं लोण्यासारखं फिरतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हात कोरडा असतोच कधी? आणि उरलेले महिने घाम असतो.

परवानगी घेऊन बाटलीतल्या पाण्याने बोटं ओली करा. मग पातं दहा वेळा उघडा, आधी नेहमीच्या हाताने, मग दुसऱ्या हाताने. घाई करू नका. अंगठ्याचं पेर भोकात नीट बसतं का ते बघा, नुसतं टोक टेकत असेल तर ओल्या हाताने ते निसटेल. पातं अर्ध्यावर आलं की मूठ बोटांत फिरते का, तेही बघा. मुठीच्या कडा फार गुळगुळीत असल्या तर ती फिरते, आणि अर्धवट उघडं पातं हातात फिरणं सगळ्यात वाईट.

डाव्या हाताची चाचणी लोक टाळतात. काही मॉडेलांत भोक दोन्ही बाजूंनी सारखंच असतं, पण शेजारचं अवजार किंवा क्लिप अशी येते की डाव्या अंगठ्याला जागाच राहत नाही. हे फोटोत कळत नाही. घरात डावरं माणूस असेल आणि वस्तू सगळ्यांनी वापरायची असेल, तर त्यालाच बरोबर न्या.

एक उघडताना दुसरं अवजार सोबत येतं का? स्वस्त मल्टिटूलमध्ये स्क्रू ड्रायव्हर काढायला गेलं की शेजारचे तीन पत्ते एकदम बाहेर येतात. दोन हात मोकळे असताना ही कटकट असते. एका हाताने काम करताना नको असलेलं पातं बाहेर येणं धोक्याचं आहे.

चौथी पायरी: बंद करा. पुन्हा बंद करा.

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उघडताना पातं बोटांपासून लांब जातं, बंद होताना बोटांकडे येतं. बहुतेक जखमा बंद करतानाच होतात.

बहुतेक एकहाती पात्यांना लायनर लॉक असतं. मुठीच्या आत स्टीलची एक पातळ पट्टी थोडी वाकवून बसवलेली असते. पातं पूर्ण उघडलं की ती पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे अडते, आणि पातं आपणहून मिटू शकत नाही. मिटवायचं तर बोटाने पट्टी बाजूला दाबायची. ती असते पातं जिथे येऊन बसतं त्याच खाचेत, म्हणजे दाबणारं बोट काही क्षण पात्याच्या वाटेवर असतंच.

त्याची रीत अशी. पट्टी दाबा आणि पात्याची पाठ मांडीला किंवा चौकटीला टेकवून ते थोडंसंच मिटवा, साधारण पाव भाग. एवढं झालं की पट्टीचं काम संपलेलं असतं, ती पुन्हा अडत नाही. इथे थांबा. बोट खाचेतून बाहेर काढा आणि बाहेर आलं आहे हे डोळ्यांनी बघा. मगच उरलेलं पातं मिटवा. मी शिडीवर हा थांबा घेतला नव्हता.

ही पट्टी बहुतेक वेळा उजव्या अंगठ्याच्या सोयीने बसवलेली असते. डाव्या हाताने तीच पट्टी तर्जनीने ओढावी लागते, आणि अंगठ्याइतकी जागेची जाणीव तर्जनीला नसते. म्हणून बंद करायची चाचणी दुबळ्या हातानेच करा, आणि धार नसलेल्या अवजारापासून सुरुवात करा. कानस किंवा स्क्रू ड्रायव्हर त्याच तऱ्हेने लॉक होत असेल तर आधी त्यावर हात बसवा, मग पात्याकडे वळा.

लॉक सोडायची कळ मुठीच्या बाहेरच्या बाजूला असेल तर बोट पात्याच्या वाटेत जातच नाही. दोन मॉडेलांत बाकी सगळं सारखं असेल आणि एकाचं लॉक बाहेरून सुटत असेल, तर मी डोळे मिटून तेच घेईन, चार अवजारं कमी असली तरी.

माझा भाचा नवीन मल्टिटूल घेऊन आला. “मामा, बघ किती झटक्यात उघडतं!” मी त्याला म्हटलं, “आता टॉर्च उजव्या हातात धर, माझ्याकडे बघत राहा आणि डाव्या हाताने ते मिट.” तो मिटवायला लागला आणि मध्येच थांबून त्याने टॉर्च खाली ठेवली. मला तेवढंच बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्याने ते बदलून आणलं.

लॉक आणि पक्कड

लॉक पक्कं आहे का हे बघायला पातं उघडून त्याची पाठ लाकडावर टेकवा आणि हळूहळू जोर द्या. आपटू नका. बोटं खाचेपासून लांब ठेवा. लॉक सरकल्यासारखं वाटलं तर वस्तू तिथेच ठेवून द्या. पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड चालत नाही. बिजागरीला चांदणीच्या आकाराचा स्क्रू असेल तर पुढे ती आवळता येते, ठोकलेली रिव्हेट असेल तर आज आहे तीच स्थिती, पुढे ढिलीच होणार.

पक्कड मिटून उजेडासमोर धरा. चोचीची टोकं जुळली पाहिजेत. वर्तमानपत्राची पट्टी टोकात पकडून ओढा, ती सुटता कामा नये. तार कापायचा भाग तांब्याच्या आणि बांधणीच्या तारेसाठी असतो. गिटारची तार, स्प्रिंग किंवा मासेमारीचा गळ त्याने कापलात तर धारेला दात पडतात. असलं काम वारंवार येत असेल तर कापायचे भाग बदलता येतील असं मॉडेल बघा.

आणि ही पक्कड वायरमनची पक्कड नव्हे. मूठ उघड्या स्टीलची असते, २३० व्होल्टला तिच्यात काहीही आडवं येत नाही. मेन स्विच बंद करून, टेस्टर लावून खात्री झाल्याशिवाय वायरीला मल्टिटूल लावू नका. एका हातात टॉर्च धरून घाईत असताना तर मुळीच नाही.

स्टील आणि आपली हवा

‘स्टेनलेस’ वाचून पणजी-म्हापशाचे लोक निश्चिंत होतात. स्टीलमधल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अदृश्य पापुद्रा तयार होतो आणि तो गंज अडवतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड नेमका हाच पापुद्रा ठिकठिकाणी फोडतं. मग टाचणीच्या टोकाएवढे काळे-तांबूस ठिपके दिसू लागतात. ते आत खोल जात राहतात.

मल्टिटूलमध्ये बरंच चालणारं स्टील म्हणजे ४२०एचसी. त्यात साधारण १३ टक्के क्रोमियम असतं. धार घरच्या दगडावर सहज लागते, किंमत आवाक्यात राहते, आणि समुद्रापासून आत, डिचोली, वाळपई, फोंड्याकडे थोड्या काळजीने ते उत्तम टिकतं. १५४सीएम किंवा एस३०व्ही या महागड्या स्टीलची धार जास्त काळ राहते, पण लावायला वेळ आणि चांगला दगड लागतो. २०२१ साली आलेलं मॅग्नाकट हे स्टील धार आणि गंजरोध दोन्हीत वरचं आहे, लेदरमनने ते २०२३ च्या ‘आर्क’ या मल्टिटूलमध्ये वापरलं. रोज समुद्रावर असणाऱ्याने त्याचा विचार करावा. बाकीच्यांनी तो पैसा वाचवावा, असं माझं मत आहे. पातं महागड्या स्टीलचं असलं तरी पक्कड, स्प्रिंग आणि स्क्रू साध्या स्टीलचेच असतात, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

पृष्ठभागही बघा. खरखरीत, मंद फिनिशमध्ये ओल धरून राहते, गुळगुळीत चकचकीत पात्यावरून पाणी ओघळून जातं. काळा मुलामा छान दिसतो, पण धारेवर तो नसतोच आणि सांध्यांवर लवकर झिजतो.

खाऱ्या पाण्याशी संबंध आला की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, सगळी अवजारं उघडून झटका, फडक्याने पुसा, पंख्याखाली अर्धा तास ठेवा. मग प्रत्येक सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. घरात खोबरेल हाताशी असतं म्हणून तेच घालणारे बरेच आहेत. काही महिन्यांनी ते चिकट होतं, त्यात धूळ बसते आणि एका हाताने उघडणारं पातं उघडेनासं होतं. डब्ल्यूडी-४०चं मूळ काम पाणी हटवणं, नावातला ‘डब्ल्यूडी’ त्याचाच आहे. भिजलेलं हत्यार सुकवायला ते मारा, पण नंतर तेल द्याच.

चामड्याचं म्यान पावसाळ्यात वापरू नका. ते ओल धरतं, त्याला बुरशी येते, आणि त्यात ठेवलेलं स्टील कपाटातल्या कपाटात गंजतं. नायलॉनचं म्यान चालेल.

खिशात कसं राहील

वेव्ह प्लस २४१ ग्रॅम, स्केलेटूल १४२ ग्रॅम. हा फरक कागदावर छोटा वाटतो. सुती पँटच्या खिशात दिवसभर वागवून बघा, जड वस्तू चौथ्या दिवशी घरी राहते. घरी राहिलेलं मल्टिटूल काय कामाचं? यादीतली दोन अवजारं हलक्यात मिळत असतील तर हलकंच घ्या.

क्लिप कोणत्या खिशासाठी आहे ते तपासा. मोकळा हात डावा असेल तर वस्तू डाव्या खिशात हवी, आणि क्लिप बदलून त्या बाजूला लावता आली पाहिजे. उजव्या खिशातली वस्तू डाव्या हाताने काढायला जाणारा माणूस शिडीवर कसा वेडावाकडा होतो ते मी बघितलं आहे. रेनकोट घालूनही हात खिशापर्यंत पोचतो का, हे घरी करून बघा. स्कूटर चालवताना क्लिपवर विसंबू नका, खड्ड्यांत ती निसटते.

कायदा आणि विमानतळ

२०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा उल्लेख आहे, घरगुती, शेतीची, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची अवजारं वगळून. मल्टिटूलचं पातं तीन इंचांच्या आसपास असतं, त्यामुळे ते त्या मापात येत नाही. तरीही बटण दाबताच स्प्रिंगने झटकन उघडणारी, रामपुरीच्या जातीची वस्तू घेऊ नका. अंगठ्याने उघडणारं अवजार वेगळं, बटणाचा चाकू वेगळा, आणि पोलिसांच्या नजरेला हा फरक लगेच कळतो.

दाबोळी असो की मोपा, केबिन बॅगेत पातं असलेलं मल्टिटूल चालत नाही. चेक-इनच्या बॅगेत टाका. मुंबईला जाताना घाईत खिशातच राहिलं तर ते तपासणीत काढून घेतील, आणि मग घरी परत पाठवायला वेळ नसतो. कोर्टात, विधानसभेत किंवा मोठ्या कार्यक्रमाला जाताना ते गाडीच्या डिकीत ठेवा.

घेतल्यावरचे पंधरा दिवस

घरी आणल्या आणल्या कामाला लावू नका. पात्याच्या धारेवर कागद दुमडून चिकटपट्टीने बसवा. रोज रात्री दहा मिनिटं, बसून, दुबळ्या हाताने उघडायचं आणि मिटायचं. मिटताना तो मधला थांबा प्रत्येक वेळी घ्यायचा, कंटाळा आला तरी. चार-पाच दिवसांनी न बघता उघडायला लागाल. मिटताना मात्र बघायचंच, ती सवय कधीच सोडू नका.

दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या हातात भरलेली बाटली धरा आणि तेच करा. मग हात ओला करून. मग चिकटपट्टी काढून जुनी सुतळी कापा, जमिनीवर उभं राहून. हे सगळं बोटं न चुकता जमलं की शिडीच्या पहिल्या पायरीवर उभं राहून एकदा करून बघा. त्या पायरीवर दोन-तीनदा नीट मिटलं, तरच वर चढा.